झिरो पिरियडचा डी

ऑक्टोबर उजाडला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. उन्हाळ्यात "कोणतं कॉलेज चांगलं?" असं विचारणारे पालक आता "कुठलं तरी मिळेल ना?" असं विचारू लागतात. मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजात, २१ वर्षं समुपदेशक आहे. माझ्या टेबलापलीकडच्या खुर्चीत हायस्कूल गाजवून आलेलं पोर क्वचितच बसतं. त्यामुळे या महिन्याची तिन्ही पत्रं वाचताना मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

पत्र पहिलं

*आमचा मुलगा बारावीत आहे. शाळा नावाजलेली आहे. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या) हिशेबाने त्याचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, २.७ भरते. नववीत सगळे ए आणि बी होते, मग काय बिनसलं कळत नाही. मुलगा वाईट नाही, व्यसन नाही, आपल्या खोलीत असतो. त्याचे बाबा महिनाभर त्याच्याशी कामापुरतंच बोलताहेत. गणपतीत मंडळातल्या बायका कॉलेजांची यादी विचारत होत्या, मी "अजून ठरतंय" म्हणून सटकले. दिवाळीच्या कार्यक्रमाला जाऊच नये असं वाटतंय. याला कुठलं कॉलेज घेणार? भारतात पाठवावं का? दोन वर्षांची रिपोर्ट कार्डं जोडली आहेत, नाव झाकलं आहे.*
*— बे एरियातली एक आई*

ताई, आधी एक सांगते. नावावर तुम्ही काळी पट्टी ओढलीत, पण पीडीएफमध्ये ती पट्टी बोटाने बाजूला सरकते. मी फाइल पुसून टाकली आणि छापलेल्या कागदावरचं नाव कात्रीने कापलं. काळजी नसावी.

तुम्ही नुसतं ट्रान्स्क्रिप्ट न पाठवता रिपोर्ट कार्डं पाठवलीत, ते फार बरं केलंत. ट्रान्स्क्रिप्टवर विषय आणि ग्रेड एवढंच असतं. रिपोर्ट कार्डवर पिरियडही असतो, म्हणजे तो विषय दिवसातल्या कितव्या तासाला ते, आणि उशिरा आल्याची नोंदही. आता कागद पुढ्यात घ्या आणि माझ्याबरोबर वाचा. दहावी, ऑनर्स केमिस्ट्री: पहिल्या सत्रात सी, दुसऱ्यात डी. अकरावी, एपी (म्हणजे कॉलेजच्या पातळीचं) कॅलक्युलस: सी, मग डी. अकरावीतच एपी कॉम्प्युटर सायन्स: सी, सी. त्याच पानावर खाली इंग्लिश: ए, ए. फोटोग्राफी: ए, ए. आता डाव्या कडेच्या बारीक आकड्यांवर बोट ठेवा. केमिस्ट्रीसमोर ०. कॅलक्युलससमोर ०. कॉम्प्युटर सायन्ससमोर १. इंग्लिशसमोर ५ आणि फोटोग्राफीसमोर ६. कॅलक्युलसच्या ओळीत उशिराचा आकडा आहे २३.

सकाळी सी आणि डी, जेवणानंतर ए. डोकं तेच, घर तेच, आडनावही तेच.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. कॅलिफोर्नियाने २०१९मध्ये कायदा केला की हायस्कूल साडेआठच्या आधी सुरू करायचं नाही, आणि २०२२च्या जुलैपासून तो लागू झाला. वाढत्या वयातल्या मुलांना झोप उशिरा लागते, हे त्यामागचं कारण. पण त्या कायद्यातून झिरो पिरियड वगळला आहे. म्हणजे शाळा सुरू होण्याआधीचा तास, ज्याला हवा त्याने घ्यायचा. तो का घेतात? दिवसात आणखी एक एपी बसवता यावा म्हणून. सरकारने मुलांना झोपू दिलं आणि आपण त्यांना परत उठवलं.

तो झिरो पिरियड कोणी घ्यायला लावला, हे मी तुम्हाला विचारणार नाही, कारण माझ्या घरात तो मीच घ्यायला लावला होता. माझी मुलगी दहावीत होती. दिवसभर मी दुसऱ्यांच्या मुलांना "झेपेल तेवढंच घ्या" सांगायची आणि सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पोरीला गाडीत कोंबायची. ती आंघोळ करून ओल्या केसांनी खिडकीला डोकं टेकून झोपायची. काचेवर त्या केसांचा एक गोल डाग पडायचा. दर रविवारी गाडी धुताना मी तो पुसायचे. वर्षभर पुसला, आणि पुसताना मला काही म्हणजे काही सुचलं नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिव्याला पगार मिळत होता. जीपीए उतरला तेव्हा मी शाळेशी भांडले, शिक्षिकेशी भांडले, पोरीचा फोन काढून घेतला. तीही पुढे कम्युनिटी कॉलेजातूनच गेली. आता ती माती तपासण्याच्या लॅबमध्ये काम करते आणि सकाळी नऊच्या आत माझा फोन उचलत नाही.

तुमच्या मुलाचं कारण झोपच आहे असं मी छातीठोक म्हणत नाही. झोप न लागण्यामागेही काही असू शकतं. तो खोलीतच असतो, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. माझं बोट तिथेच अडलं. कॉलेजच्या यादीआधी त्याच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि त्यांना हे सगळं सांगा. का घसरलं हे कळल्याशिवाय पोराला नुसतं नव्या इमारतीत नेऊन बसवलं, तर तिथेही हेच ग्रेड येतील, फक्त फी भरून.

आता आकडे. यूसी सरासरी काढताना नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचेच ग्रेड धरते. म्हणजे त्याची ती छान नववी या हिशेबात नाहीच. ज्यांची नववीच फसली आहे त्यांना हा नियम देवासारखा धावून येतो, तुम्हाला उलटा लागला. दुसरं, एपीला जो एक जादा गुण मिळतो तो सी किंवा त्याहून वर असेल तरच. एरवी बीला तीन गुण, सीला दोन. एपीत सी म्हणजे तीन, आणि डी म्हणजे नुसता एक. साधं प्रीकॅलक्युलस घेऊन बी आणला असता तरी तीनच झाले असते. राज्यातल्या मुलांना यूसीची किमान अट ३.० आहे. तेव्हा या वर्षी यूसीचा अर्ज करू नका. प्रत्येक कॅम्पसमागे ८० डॉलर घेतात, ते वाचवा.

सीएसयूची, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीची, अट २.५ आहे. तिथे तो बसतो. मात्र एक भोक आहे: केमिस्ट्रीच्या दुसऱ्या सत्राचा डी. यूसी आणि सीएसयू दोघांनाही प्रयोगशाळेचं सायन्स दोन वर्षं लागतं, आणि प्रत्येक सत्रात निदान सी लागतो. नववीतली बायॉलॉजी झाली, केमिस्ट्री अर्धीच झाली, आणि बारावीत त्याने असं एकही सायन्स घेतलेलं दिसत नाही. हे त्याच्या शाळेतल्या समुपदेशकाने सांगायला हवं होतं, पण तिकडे एकेकाच्या वाट्याला शेकड्यांनी मुलं असतात. वसंत सत्रात जवळच्या कम्युनिटी कॉलेजात त्याला एक केमिस्ट्री घ्यायला लावा. हायस्कूलच्या मुलांना असा एखादा कोर्स बहुधा फीशिवाय मिळतो, आणि तिथल्या एका सत्राचा कोर्स शाळेच्या वर्षभराच्या बरोबरीचा धरतात. जीपीए त्याने वाढणार नाही, भोक बुजेल. संध्याकाळचा वर्ग घ्या!

सीएसयूला निबंध नाही, शिफारसपत्र नाही, आणि २०२२पासून एसएटी ही प्रवेशपरीक्षाही बघत नाहीत. विषय आणि सरासरी, बस. सॅन होजे स्टेटमध्ये कॉम्प्युटर सायन्सचं नावही काढू नका, तिथे २.५ हा आकडा नुसता भिंतीवर लावायला आहे. हेवर्डचं ईस्ट बे आणि सॅन फ्रान्सिस्को स्टेट ही दोन मात्र यादीत ठेवा. अर्ज नोव्हेंबर संपेपर्यंत.

"कुठलं कॉलेज घेणार" या प्रश्नात तुम्हाला जी भीती आहे, ती दहा-बारा नावांमुळे आहे. प्यू रिसर्च सेंटरने २०१९मध्ये १,३६४ चार-वर्षी कॉलेजांची आकडेवारी तपासली होती. त्यातल्या निम्म्याहून जास्त कॉलेजांनी २०१७मध्ये अर्ज केलेल्यांपैकी दोन-तृतीयांश किंवा त्याहून जास्त मुलांना होकार दिला होता. दहा टक्क्यांहून कमी मुलांना घेणारी कॉलेजं होती १७. आपल्या मंडळांत गप्पा त्या १७ दारांच्याच होतात.

आता माझं घरचं कार्य, कम्युनिटी कॉलेज. कॅलिफोर्नियात अशी ११६ आहेत. हायस्कूल डिप्लोमा असला किंवा वय १८ पूर्ण असलं की प्रवेश, जीपीए विचारत नाहीत. राज्यातल्या मुलांना एका युनिटला (कोर्स युनिटांत मोजतात) ४६ डॉलर. ट्रान्सफरसाठी, म्हणजे इथून चार-वर्षी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाण्यासाठी, ६० युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांचे २,७६० डॉलर आणि वर किरकोळ फिया. पहिल्यांदाच कॉलेजला येणाऱ्या, पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलांना बऱ्याच कॉलेजांत तेवढेही माफ होतात. यूसीची एका वर्षाची ट्यूशन १५ हजारांच्या आसपास आहे.

आणि तुमच्यासाठी कळीची गोष्ट. ६० युनिट करून तिसऱ्या वर्षात येणाऱ्या मुलाचे हायस्कूलचे ग्रेड यूसी निवडीला धरत नाही. तो डी तिथवर पोचतच नाही. शिवाय टॅग म्हणून एक करार असतो, प्रवेशाची लेखी हमीच. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे सहा कॅम्पस तो देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. ठरलेले विषय, ठरलेला जीपीए, आणि अर्ज जायच्या आदल्या सप्टेंबरात भरायचा. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला रडत येणारं एक तरी पोर मला दर वर्षी भेटतं. काही कॅम्पसवर कॉम्प्युटर सायन्सला टॅग लागू नाही, तेवढं बघा. सीएसयूसाठी वेगळी असोसिएट डिग्री, म्हणजे दोन वर्षांची पदवी, असते, २०१०च्या कायद्याने आलेली. ती केली की सीएसयूत त्या विषयाला जागा नक्की, पण कॅम्पस कोणता ते तुमच्या हातात नाही. कोणता कोर्स कुठे चालतो ते असिस्ट नावाच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतं. मामाच्या मुलाने सांगितलं म्हणून कोर्स घेऊ नये.

मी नोकरीला लागले तेव्हा हे एवढं सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी गणिताची चाचणी घ्यायचे. तीत पडलं की मूल खालच्या वर्गात, तिथून आणखी खालच्या. तीन-तीन सत्रं बीजगणितात घालवून एकही उपयोगाचं युनिट न मिळालेली मुलं मी बघितली आहेत. ती मुलं कंटाळून गेली, फारशी परत आली नाहीत. २०१७च्या कायद्याने ती चाचणी गेली. आता तुमचा मुलगा थेट कॉलेजच्या गणितात बसेल.

आता वाईट बाजू, कारण ती कोणी सांगत नाही. दोन वर्षांत ट्रान्सफर होईन म्हणून आलेल्यांपैकी बरेच जण दोन वर्षांत होत नाहीत. इथे हजेरीचा फोन घरी येत नाही. पोर वर्ग सोडतं, पत्रकावर डब्ल्यू, म्हणजे मध्येच सोडल्याचा शेरा, लागतो. असे चार-पाच डब्ल्यू झाले की त्याच्याच डोळ्यांना ते पत्रक बघवत नाही. कम्युनिटी कॉलेज हायस्कूल पुसून टाकतं, पण स्वतःचं काही पुसत नाही. तिथला डी पुढच्या प्रत्येक अर्जात सोबत येतो, आणि मध्येच सोडलेलं कॉलेज लपवताही येत नाही; लपवलं आणि सापडलं तर दिलेला प्रवेश काढून घेतात.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे आला होता, जीपीए १.९. ट्रान्स्क्रिप्टची आठ घड्या घातलेली चौकोनी पुडी त्याने खिशातून काढली आणि माझ्याकडे न बघता टेबलावर सरकवली. घड्यांवर कागद फाटायला आला होता. वडिलांबरोबर तो रात्री गोदामात काम करायचा. मी त्याला पूर्णवेळ घेऊ नकोस म्हटलं. पहिल्या सत्रात तीन वर्ग, तिन्ही दुपारी, त्यातला एक वेल्डिंगचा, कारण तो त्याला हवा होता. तीन बी आले. मग चार वर्ग. साडेतीन वर्षं लागली त्याला, दोन नाही. डेव्हिसला गेला. तुमच्या मुलालाही पहिल्या सत्रात नऊ युनिटच देईन म्हणते मी, फीमाफीला बारा लागत असली तरी. तिथे वाचणारे पाचशे डॉलर पुढे महाग पडतात. आणि साडेदहाच्या आधीचा एकही वर्ग नको.

मग ईस्ट बे की कम्युनिटी कॉलेज? सीएसयूचा अर्ज भराच, होकार हातात आलेला बरा, पोराची मान थोडी वर होते. पण मला विचाराल तर ते कारण नीट सापडेपर्यंत मी कम्युनिटी कॉलेजकडेच झुकेन. इथे हळू चालायला परवानगी आहे.

भारताचं: शिक्षा म्हणून देश वापरू नका. त्याला जायचं असतं तर त्याने विचारलं असतं.

त्याच्या बाबांना एक काम द्या. सीएसयूच्या अर्जात नववीपासूनचा प्रत्येक विषय आणि ग्रेड हाताने भरावा लागतो, तास-दीड तास जातो. मुलाने वाचायचं, बाबांनी टाइप करायचं. भाष्य करायचं नाही, सुस्काराही टाकायचा नाही. महिनाभर न बोललेल्या दोन माणसांना "एपी कॅलक्युलस, दुसरं सत्र, डी" हे एकदा शांतपणे म्हणता आलं, तर पुष्कळ झालं.

आणि दिवाळीला जा. "पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजला करतोय" एवढंच म्हणा आणि फराळाच्या टेबलाकडे वळा. याच विषयावर यंदा मला चौघींची पत्रं आली आहेत. त्या तुमच्या मंडळातल्या आहेत की नाहीत, ते सांगणार नाही.

पत्र दुसरं

*मावशी, मी टेक्ससमध्ये प्लेनोला अकरावीत आहे. शाळेत माझा रँक पहिल्या २५ टक्क्यांतही नाही, त्यामुळे यूटी ऑस्टिनला (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससला) आपोआप प्रवेश नाही. दहावीत असताना आईची ट्रीटमेंट चालू होती, तेव्हा माझे ग्रेड पडले. आता बरे आहेत, आई पण बरी आहे. कॉलेजच्या निबंधात हे लिहू का? आई म्हणते घरातलं बाहेर सांगायचं नाही. बाबा म्हणतात लिही, त्याने फायदा होईल.*
*— अकरावीतली*

अगं, आई बरी आहे हे तू शेवटी लिहिलंस, मी ते आधी वाचलं.

निबंध तुझ्याबद्दल असू दे. तुला जे करायला आवडतं, ज्यावर तू तासभर न थांबता बोलशील, त्याच्याबद्दल. आईचं आजारपण तिथे आणलंस तर सहाशे शब्द भरायला तुला रडावं लागेल, आणि वाचणाऱ्याला शेवटी कळेल ते आईबद्दलच. अर्जात जादा माहितीची वेगळी जागा असते, ती याचसाठी आहे. तिथे कोरडं लिहायचं. तू पाठवलेल्या मसुद्यात पहिलं वाक्य आहे, "कॅन्सरने मला आयुष्याचं मोल शिकवलं." खोड ते. त्याजागी असं काही:

"दहावीच्या दुसऱ्या सत्रात आईवर उपचार चालू होते. आठवड्यातून तीन दिवस धाकट्या भावाला शाळेतून आणणं आणि रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे होता. त्या सत्रात मला केमिस्ट्री आणि वर्ल्ड हिस्ट्रीत सी मिळाले. अकरावीत फिजिक्समध्ये बी आणि यूएस हिस्ट्रीत ए आहे."

चार वाक्यं. कधी, काय, किती घसरलं, पुढे काय झालं. विशेषण एकही नाही. चौथं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते खरं ठेवायला तुला हे अख्खं वर्ष आहे. शाळेतल्या समुपदेशकालाही सांग. त्यांच्या पत्रात एक ओळ आली की तुझ्या चार ओळींना आधार मिळतो.

पण आईला विचारून. आजारपण तिचं आहे. ती नाही म्हणाली तर "घरात गंभीर आजारपण होतं" एवढ्यावर भागतं, कोणाचं ते लिहावं लागत नाही. बाबांच्या "फायदा होईल" या शब्दाचा आईला राग आला असेल. मलाही आला.

टेक्ससचं गणित तुला ठाऊक आहे, बाकी वाचकांसाठी सांगते. १९९७च्या कायद्याने प्रत्येक हायस्कूलच्या पहिल्या दहा टक्क्यांतल्या मुलांना सरकारी विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो. ऑस्टिनला गर्दी एवढी की त्यांना वेगळी मुभा आहे, आणि २०२६च्या प्रवेशापासून तिथे पहिले पाच टक्केच. राज्यातल्या मुलांच्या निदान ७५ टक्के जागा त्यांत जातात. उरलेल्यांत तू. तिथे आता एसएटी किंवा एसीटी पुन्हा सक्तीची आहे, आणि तुझ्यासारखीला ती मदतच करते: रँकमध्ये दहावीचं ते सत्र मिसळलेलं आहे, परीक्षेत नाही. नकार आला तर कधीकधी त्यासोबत कॅप नावाच्या योजनेचा देकार येतो. पहिलं वर्ष यूटीच्याच दुसऱ्या कॅम्पसवर करायचं, ठरलेले ३० क्रेडिटचे विषय करायचे आणि ३.२ जीपीए आणायचा, की ऑस्टिनच्या लिबरल आर्ट्समध्ये जागा. इंजिनिअरिंगला नाही. तुला काय शिकायचंय ते तू लिहिलंच नाहीस, बघ.

पत्र तिसरं

*माझा नातू न्यू जर्सीला असतो. त्याला कम्युनिटी कॉलेजात घालणार असं मुलगा म्हणाला. हे आपल्याकडच्या आयटीआयसारखं असतं का? मी निवृत्त शिक्षक आहे. सकाळी फिरायला येणारे मित्र विचारतात, त्यांना काय सांगावं?*
*— एक आजोबा, पुणे*

काका, नमस्कार. थोडं आयटीआय आहे, थोडं नाही. एकाच आवारात वेल्डिंग शिकवतात, नर्सिंग शिकवतात, आणि पदवीची पहिली दोन वर्षंही शिकवतात. नर्सिंगला तर रांग लागते. तुमचा नातू बहुधा तिसऱ्या प्रकारात जाईल: दोन वर्षं इथे, मग चार-वर्षी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला, आणि पदवी त्या विद्यापीठाची. ती कुठून सुरू केली हे पदवीच्या कागदावर छापत नाहीत. न्यू जर्सीत २००७चा कायदाच आहे की इथली असोसिएट पदवी घेऊन राज्याच्या सरकारी विद्यापीठात गेलं तर ती सगळी क्रेडिट धरायची.

तुम्ही शिक्षक, म्हणून थोडा इतिहास. यातलं पहिलं सरकारी कॉलेज १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएट गावात निघालं. शिकागो विद्यापीठाचे तेव्हाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या डोक्यात होतं की पदवीची पहिली दोन वर्षं विद्यापीठाबाहेर, मुलांच्या घराजवळ व्हावीत. जोलिएटच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी ते आपल्याच शाळेच्या छपराखाली सुरू करून दाखवलं. पहिल्या वर्षी मुलं होती सहा.

मित्रांना हे सहा मुलांचं सांगा, चालता चालता दोन फेऱ्या होतील. नातवाला मात्र यावर काही विचारू नका. तो काय वाचतोय, काय खातोय ते विचारा, आणि फोन रविवारी करा, तिकडचे अकरा वाजल्यानंतर.

*पुढच्या अंकासाठी पत्रं २० तारखेपर्यंत पाठवावीत. रिपोर्ट कार्ड पाठवणार असाल तर नावाची पट्टी कागदावरून कापून मग स्कॅन करावं. पिरियडचा रकाना मात्र कापू नये.*